काढा, कोबीचा खुंट आणि कबुलीजबाब : शरदातल्या ‘चेटूकविद्ये’ची तीन दप्तरे

‘मॅकबेथ’च्या चौथ्या अंकातला पहिला प्रवेश सुरू झाला की मागच्या बाकांवरची मंडळीही पुस्तक उघडतात, असा बहुतेक शिक्षकांचा अनुभव असावा. तीन चेटकिणी, उकळती कढई आणि तिच्यात पडणारे एकाहून एक किळसवाणे जिन्नस यांचे आकर्षण चारशे वर्षांनंतरही ओसरलेले नाही. गेल्या ऑक्टोबरात हा प्रवेश शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. आधुनिक इंग्रजी ‘विचक्राफ्ट’मध्ये शरद ऋतूत वापरायच्या वनस्पतींची ती यादी होती : मगवर्ट, रोझमेरी, सेज, सफरचंद, हेझेलनट. कोणती वनस्पती जाळायची, कोणती उशाखाली ठेवायची, कोणती पितरांच्या पानावर वाढायची, याच्या सूचनाही होत्या. तळाशी टीप होती की शेक्सपिअरच्या कढईतले प्राण्यांचे अवयव म्हणजे वास्तविक वनस्पतींची गुप्त नावे होत. न्यूटचा डोळा म्हणजे साधी मोहरी.

तिचा प्रश्न सरळ होता. “सर, ही यादी खरी असेल, तर त्या बायकांना एवढ्याचसाठी जाळलं का?”

टिपेचा निकाल लावणे सोपे होते. मोहरीला न्यूटचा डोळा म्हणत असल्याचा शेक्सपिअरकालीन पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही; ही सांकेतिक नावांची कल्पना पुष्कळ नंतरची आहे. शिवाय शेक्सपिअरला वनस्पती हव्या तेथे त्याने त्या उघड नावाने घातल्या आहेत. अंधारात खणलेले हेमलॉकचे मूळ आणि चंद्रग्रहणात तोडलेल्या यू वृक्षाच्या डहाळ्या त्याच कढईत पडतात. दोन्ही विषारी आहेत, आणि त्यांची वेळ ऋतूने नव्हे तर अंधाराने ठरते. यादीचा आणि जाळण्याचा प्रश्न मात्र असा झटकून टाकता येईना. त्याच्या उत्तरासाठी स्कॉटलंडमधली तीन दप्तरे उघडावी लागतात. त्यांत वनस्पती आहेत, शरद आहे आणि चेटूकही आहे. पण तिन्ही गोष्टी एकाच दप्तरात सापडत नाहीत. हा लेख त्याविषयीच आहे.

आरंभी शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा. इंग्रजी ‘ऑटम’ला आपण सवयीने ‘शरद’ म्हणतो. आपला शरद म्हणजे पावसाने धुतलेले आकाश, आश्विनातले चांदणे, कोजागरी. उत्तरेकडच्या त्या बेटांवर मात्र हा ऋतू उतरणीचा असतो. शेतातले शेवटचे धान्य आत येते, दिवस झपाट्याने आखडतात, जनावरे कुरणांवरून गोठ्यात परततात आणि पुढच्या सहा महिन्यांत घरात कोण टिकेल याचा हिशेब सुरू होतो. आयर्लंडमधला ‘साउइन’ हा १ नोव्हेंबरचा जुना सण या उंबरठ्यावरचा. पश्चिमी ख्रिस्ती धर्मसंस्थेने नवव्या शतकापासून हाच दिवस सर्व संतांना दिला आणि पुढे २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांसाठी राखला गेला. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, ३१ ऑक्टोबर, ती ‘हॅलोवीन’. त्या रात्री मृतांची आणि भविष्याची आठवण एकदम व्हावी, यात नवल नाही.

पहिले दप्तर : इ. स. १५७६

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एअरशर नावाचा परगणा आहे. तेथील डॅल्रीजवळच्या लिन या वस्तीत बेसी डनलॉप राहत असे. अँड्रो जॅक नावाच्या शेतकऱ्याची ही बायको. ८ नोव्हेंबर १५७६ रोजी तिच्यावर चेटकाच्या आरोपाखाली खटला चालला. त्याची नोंद १८३३ मध्ये रॉबर्ट पिटकेर्नने प्रसिद्ध केलेल्या स्कॉटिश फौजदारी खटल्यांच्या संग्रहात आहे. त्याआधी सर वॉल्टर स्कॉटनेही भुताखेतांवरील आपल्या १८३० च्या पत्रात्मक ग्रंथात तिची कथा सांगितली होती.

बेसीच्या जबानीनुसार ती नुकतीच बाळंतपणातून उठली होती. नवरा आजारी, मूल आजारी, गाय आजारी. जनावरे हाकत रडत चालली असता तिला एक करड्या दाढीचा वृद्ध भेटला. त्याचे नाव थॉम रीड. हा माणूस १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत मारला गेला होता. त्याने तिला सांगितले की मूल जाईल, गाय जाईल, नवरा मात्र वाचेल. पुढे तो वारंवार येत राहिला. त्याने तिला ख्रिस्ती धर्म सोडायला सांगितले तेव्हा तिने साफ नकार दिला. लोक तिच्याकडे आजारी मुले आणि गुरे घेऊन येत, तेव्हा ती थॉमला विचारून औषध देई. आपल्या अंगी कोणतीही विद्या नाही, असे ती न्यायालयातही सांगत राहिली.

आता त्या औषधांकडे पाहू. थॉमने तिला स्वतःच्या हाताने बीटाच्या मुळासारखे काहीतरी दिले आणि ते उकळून मलम करावे किंवा वाळवून पूड करावी, असे सांगितले. एका उमरावाच्या तरुण सुनेला भोवळ येऊ लागली, तेव्हा तिच्यासाठी सांगितलेला उपाय नोंदीत तपशीलवार आहे : सुंठ, लवंग, बडीशेपेसारखे ॲनिसचे दाणे आणि ज्येष्ठमध हे कडक एल दारूत उकळायचे, गाळायचे, साखर घालायची आणि थोडेथोडे प्यायचे. मोबदला मिळाला तो मापभर पीठ आणि थोडे चीज. दुसऱ्या एका घरंदाज बाईच्या वाकड्या पायाबद्दल मात्र, हाडातली मज्जाच आटली आहे, इलाज नाही, असे उत्तर तिने थॉमच्या हवाल्याने दिले.

मराठी वाचक येथे क्षणभर थांबेल. सुंठ, लवंग, ज्येष्ठमध! हा तर थंडी सुरू होताना आपल्या घरोघर उकळणारा काढा. चेटकीण ठरलेल्या बाईच्या नावावर जो एकमेव सविस्तर पाठ शिल्लक आहे, त्यात स्कॉटलंडच्या रानातली एकही वनौषधी नाही. सोळाव्या शतकात लवंग फक्त मोलुक्का बेटांवर पिकत असे; एअरशरच्या उमरावाच्या स्वयंपाकघरात ती पोहोचायला अर्धी पृथ्वी ओलांडावी लागे. ऋतूप्रमाणे रानात जाऊन झाडपाला खुडणारी गूढ स्त्री आपल्याला या नोंदीत भेटत नाही. भेटते ती शेजाऱ्यांच्या अडीनडीला धावणारी आणि आपल्या उपायांचे श्रेय एका मेलेल्या माणसाला देणारी शेतकरीण.

नोंदीच्या समासात निकाल आहे : दोषी, जाळली. खटला नोव्हेंबरात उभा राहिला, म्हणजे ऋतू होता तो शरदच. तिच्या जबानीत मात्र या ऋतूला काही महत्त्व नाही.

बारा वर्षांनी, १५८८ मध्ये, फाइफमधील ॲलिसन पिअरसन हिच्या खटल्यात वनस्पती खुडण्याची वेळ प्रथम दिसते. ‘चांगले शेजारी’, म्हणजे परीलोकातले लोक, सूर्योदयापूर्वी औषधी पाला गोळा करतात आणि विस्तवावर भांडी ठेवून मलमे करतात, असे तिने पाहिल्याचे सांगितले. हा दिवसाचा प्रहर झाला, वर्षाचा ऋतू नव्हे. तिच्या रुग्णांत सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप पॅट्रिक ॲडमसन होते, आणि त्यांना तिने सांगितलेला उपचार होता उकडलेली कोंबडी व क्लॅरेट मद्य. तीही जाळली गेली. आर्चबिशपांना त्यांच्या विरोधकांनी या उपचारावरून टोमणे मारले. त्यांचे तेवढ्यावर भागले.

दुसरे दप्तर : इ. स. १५९१

मग शरदाची ती रात्र आणि चेटकीण एकत्र आल्या कोठे? त्या एकत्र आल्या एका छापील चोपडीत. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स आपली डॅनिश वधू घेऊन १५९० मध्ये परतला. प्रवासात वादळांनी त्याला पुरते छळले होते. ही वादळे चेटकाने उठवली, या समजुतीतून नॉर्थ बेरिकचे खटले उभे राहिले आणि १५९१ च्या सुमारास ‘न्यूज फ्रॉम स्कॉटलंड’ ही पुस्तिका लंडनमध्ये छापली गेली.

या पुस्तिकेची रचना साहित्याच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावी अशी आहे. सुरुवात होते गेलिस डंकन या मोलकरणीपासून. ती अचानक आजाऱ्यांना बरे करू लागली आणि रात्री घराबाहेर जाऊ लागली, म्हणून मालकाला संशय आला. एवढेच मूळ कारण. त्याने तिची बोटे यंत्रात चिरडली, डोके दोरीने आवळले. तिने नावे दिली. त्यांत हॅडिंग्टनकडची ॲग्नेस सँप्सन होती. ही आपल्या भागात जाणती बाई म्हणून प्रसिद्ध होती; प्रार्थना म्हणून आजार उतरवी, बाळंतिणींच्या मदतीला जाई. तिचाही छळ झाला आणि तिने राजापुढे सांगितले की गेल्या हॅलोवीनच्या रात्री आपण दोनशेजणी चाळण्यांत बसून समुद्रावरून नॉर्थ बेरिकच्या चर्चपाशी गेलो, गेलिसने वाद्य वाजवले, आम्ही नाचलो.

म्हणजे पुस्तिकेच्या आरंभी रोग बरे करणारी बाई आहे आणि मध्यावर हॅलोवीनचा चेटकी मेळावा आहे. या दोहोंना जोडणारा सांधा कोणता? बोटे चिरडण्याचे यंत्र. औषध देणे आणि त्या रात्री जमणे यांचा संबंध त्या स्त्रियांच्या जीवनात नव्हता. तो चौकशीच्या खोलीत निर्माण झाला. आणखी एक बाब लक्षणीय आहे. त्या समुद्रप्रवासात त्यांच्या हातात वनस्पतींच्या जुड्या नाहीत, मद्याचे चंबू आहेत. हॅलोवीनच्या चेटकाचे हे प्रसिद्ध चित्र वनस्पतिविरहित आहे.

पुढे जेम्सने १५९७ मध्ये स्वतः ‘डीमनॉलॉजी’ लिहिले, १६०३ मध्ये तो इंग्लंडच्या गादीवर बसला आणि शेक्सपिअरची नाटकमंडळी राजाची मंडळी झाली. १६०६ च्या सुमाराच्या ‘मॅकबेथ’मध्ये चाळणीत बसून समुद्रावर जाणारी चेटकीण आहे, ती याच वातावरणातून आलेली. कबुलीजबाबाची भाषा अशा रीतीने रंगभूमीवर आली. कबुलीजबाब विसरला गेला, रंगभूमी राहिली.

तिसरे दप्तर : इ. स. १७८५

आता पुन्हा एअरशरकडे वळू, कारण शरदातल्या वनस्पतींचा खराखुरा विधी आपल्याला तेथेच सापडतो. बेसीच्या परगण्यातच, दोनशे वर्षांनंतर, रॉबर्ट बर्न्स नावाचा तरुण शेतकरी मॉसगील येथे राहत होता. लहानपणी घरी येणाऱ्या बेटी डेव्हिडसन या वृद्धेकडून त्याने भुते, पऱ्या आणि चेटकिणींच्या असंख्य गोष्टी ऐकल्या होत्या. १७८५ मध्ये त्याने ‘हॅलोवीन’ ही दीर्घ कविता लिहिली आणि ती १७८६ च्या किल्मारनॉक आवृत्तीत छापली. परक्या वाचकाला विधी कळावेत म्हणून त्याने तळटिपा दिल्या. या तळटिपा म्हणजे अठराव्या शतकातील शेतकरी घराचा आयता लोकसंस्कृतिकोशच आहे.

त्यातला पहिला विधी केलचा. केल ही कोबीच्या कुळातली, गरिबाच्या परसात हमखास असणारी पालेभाजी. मुलगे-मुली हातात हात घालून, डोळे मिटून परसात जात आणि हाताला लागेल तो पहिला खुंट उपटत. खुंट सरळ की वाकडा, उंच की खुजा, यावरून जोडीदाराची अंगकाठी कळे. मुळाला माती चिकटलेली असेल तर हुंडा मिळणार. खुंटाच्या गाभ्याची चव गोड की कडू, यावरून स्वभाव. मग ते खुंट दारावर ठेवायचे आणि पुढे दारातून जे लोक येतील त्यांच्या नावांवरून जोडीदाराचे नाव ओळखायचे.

दुसरा विधी सुगीच्या गंजीतून ओटची ताटे ओढण्याचा. तिसरा हेझेलनटचा : एक मुलाच्या नावाचा, एक मुलीच्या नावाचा, असे दोन दाणे चुलीत ठेवायचे. ते शांतपणे एकत्र जळले तर संसार सुखाचा. एक उडून गेला तर सोयरीक मोडणार. एकटीने मेणबत्ती घेऊन आरशापुढे सफरचंद खायचे म्हणजे भावी पतीचा चेहरा खांद्यामागून दिसतो. आणि सर्वांत धाडसी विधी हेम्पचा. दोर व जाडे कापड यांसाठी पिकवले जाणारे हे भांगेच्या जातीचे पीक. कोणाला न कळवता मूठभर बी पेरत चालायचे आणि डाव्या खांद्यावरून मागे पाहायचे. जो आपला होणार तो पीक उपटताना दिसतो. कवितेत एक बढाईखोर गडी हा प्रयोग करायला जातो, मागून घुरघुर ऐकून किंचाळतो आणि शेवटी ती एक डुकरीण निघते.

वनस्पतींची ही यादी वाचली की पहिली गोष्ट जाणवते ती तिचा साधेपणा. भाजी, धान्य, सुका मेवा, फळ, दोराचे पीक. ऑक्टोबरअखेर शेतकऱ्याच्या परसात, गंजीत आणि माळ्यावर जे असते तेच. ऋतूशी नाते असते ते असे; ग्रहांच्या कोष्टकातून ते येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे या रात्री चेटकिणी बाहेर फिरतात, अशी समजूत बर्न्स आपल्या टिपेत नोंदवतो. पण खुंट उपटणाऱ्या मुली चेटकिणी नसतात. चेटकीण ही बाहेरची, कुंपणापलीकडची. विधी करणारे घरातले. आणि तिसरी गोष्ट, हे सगळे हसतखेळत चालते. स्कॉटलंडमधला चेटकाविरुद्धचा १५६३ चा कायदा १७३६ मध्ये रद्द झाला होता. बर्न्सच्या पिढीला त्या रात्री डुकरीण भेटू शकत होती, न्यायाधीश नव्हे. तो कायदा असता तर हेम्पचे बी पेरून अदृश्य पुरुषाला बोलावणाऱ्या मुलीचा खेळ एवढा निर्धास्त राहिला असता का?

बर्न्सने या ऋतूची काळी बाजूही पाहिली होती. ‘टॅम लिन’ या जुन्या पोवाड्याचा त्याने दिलेला पाठ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली जॅनेट गर्भवती आहे. पोवाड्याच्या काही पाठांत ती गर्भ पाडण्यासाठी वनस्पती खुडायला रानात जाते आणि तेथे टॅम लिन तिला अडवतो. पुढे हॅलोवीनच्या रात्री ती त्याला परीराणीच्या तावडीतून सोडवते. वनस्पती, स्त्री आणि ही रात्र लोककाव्यात इतकी जवळ आलेली फार क्वचित दिसतात. तेथेही प्रश्न जादूचा नाही. एका अविवाहित मुलीच्या शरीराचा आणि अब्रूचा आहे.

विणकाम

तर तीन धागे असे : रोग बरे करणाऱ्या बाईचा काढा, छळातून आलेली हॅलोवीनची कबुली आणि शेतकरी घरातला शरदाचा खेळ. विद्यार्थिनीच्या कागदावर ते एकत्र विणलेले होते. हे विणकाम विसाव्या शतकातले आहे, आणि विणकर बहुतेक ग्रंथप्रेमी लोक आहेत.

मार्गारेट मरी या मूळच्या इजिप्ततज्ज्ञ. १९२१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले की चेटूक हा ख्रिस्तपूर्व धर्माचा गुप्तपणे टिकलेला अवशेष होता. पुरावा म्हणून त्यांनी कबुलीजबाबच वापरले. वर्षाच्या चार मेळाव्यांची कल्पनाही फॉरफर येथील १६६१ च्या एका कबुलीवर टेकलेली होती. छळणाऱ्याने वदवून घेतलेले वाक्य अशा रीतीने धर्मग्रंथाचे वचन झाले. मरींचा सिद्धान्त इतिहासकारांनी पुढे नाकारला. पण दरम्यान ब्रिटानिका विश्वकोशातील ‘विचक्राफ्ट’वरची नोंद त्यांनीच लिहिली होती आणि ती कित्येक वर्षे छापली जात होती. १९५१ मध्ये ब्रिटनमधला चेटूकविषयक जुना कायदा रद्द झाला. १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ आले, मरींच्या प्रस्तावनेसह. मलाया आणि सिलोनमध्ये उमेदीची वर्षे घालवून परतलेल्या या निवृत्त अधिकाऱ्याने ‘विक्का’ला सार्वजनिक रूप दिले. त्याच दशकाच्या अखेरीस वर्षातील आठ सणांचे चक्र पक्के झाले. शरद संपाताच्या सणाला ‘मेबन’ हे वेल्श पुराणकथेतले नाव तर अमेरिकेत एडन केली यांनी १९७४ मध्ये दिले.

वनस्पतींची कोष्टके आणखी एका वाटेने आली. निकोलस कल्पेपर याने १६५२ मध्ये इंग्लिश वनौषधींचा ग्रंथ लिहून प्रत्येक वनस्पतीला एक ग्रह दिला. लॅटिनच्या कुलपात ठेवलेले औषधज्ञान गरिबांच्या भाषेत आणणारा हा बंडखोर होता, आणि त्याचा ग्रंथ उघडपणे दुकानात विकला जाई. १९८५ मध्ये स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकाने जादूच्या वनस्पतींचा कोश काढला, त्यात ग्रहाबरोबर तत्त्व, देवता आणि शक्ती असे रकाने आले. कागदावरची यादी अशा कोशांची नात आहे. तिच्यातले मगवर्ट हे आपल्या दवण्याच्या कुळातले. इ. स. १००० च्या सुमाराच्या जुन्या इंग्रजी हस्तलिखितातल्या नऊ वनस्पतींच्या मंत्रात त्याला पहिला मान आहे. तेथे वोडन आणि ख्रिस्त दोघेही हजर आहेत, पण ऋतू नाही. युरोपच्या लोकाचारात मगवर्ट गोळा होई ते जूनमध्ये, सेंट जॉनच्या रात्री. ते शरदात सरकले ते स्वप्न आणि भविष्य यांच्याशी जोडले गेल्यामुळे. रोझमेरीला मृतांच्या स्मरणाचे काम मिळाले, त्यामागे तिचा अंत्ययात्रेतला जुना वापर आहे. पण बहुतेक वाचकांना तो ठाऊक असतो तो वेड्या ऑफिलियाच्या हातातल्या फुलांमुळे.

यावरून कोणी म्हणेल की मग हे सगळे थोतांड आहे. मला तसे वाटत नाही. रोनल्ड हटन यांनी १९९९ च्या ‘द ट्रायंफ ऑफ द मून’ या ग्रंथात विक्काचा आधुनिक उगम पुराव्यानिशी दाखवला, आणि तो दाखवताना या लोकांची थट्टा केली नाही. प्रत्येक सण कोणीतरी कधीतरी जुळवलेलाच असतो. शहरात राहणाऱ्या एखाद्या बाईला ऑक्टोबरअखेर सफरचंद कापून मेलेल्या आईची आठवण काढावीशी वाटली, तर तिला हजार वर्षांच्या वंशावळीची गरज नाही.

आक्षेप वंशावळीलाच आहे. ‘आम्ही जाळल्या गेलेल्या चेटकिणींच्या लेकी’ हे वाक्य ऐकायला बाणेदार आहे. पण त्यात आरोपपत्र खरे मानले जाते. बेसी डनलॉप चेटकीण होती, हे म्हणणे फिर्यादीचे होते, तिचे नव्हते. तिने धर्म सोडायला नकार दिल्याचे न्यायालयाला सांगितले, आणि आपण तिला पुन्हा त्याच धर्माबाहेर उभे करतो. नव्वद लाख स्त्रिया जाळल्या गेल्याचा आकडाही असाच. तो १७८४ मध्ये गॉटफ्रीड फोग्ट या जर्मन गृहस्थाच्या त्रैराशिकातून निघाला. आजचे अभ्यासक संपूर्ण युरोपातील बळी चाळीस ते पन्नास हजारांच्या आसपास मानतात. सगळ्या बळी वैदू किंवा सुइणी होत्या, हेही खरे नाही. एडिंबरा विद्यापीठाने २००३ मध्ये पूर्ण केलेल्या पाहणीत स्कॉटलंडमधल्या ३,८३७ आरोपींची नोंद झाली, त्यांत सुमारे ८४ टक्के स्त्रिया. रोग बरे करणाऱ्या म्हणून ओळखता येतील अशा त्यांत थोड्या. बाकीच्या कोणाशी भांडल्या होत्या, कोणाला पुटपुटत शाप दिला होता, किंवा कोणाच्या तरी छळातल्या तोंडून त्यांचे नाव निघाले होते. ८ मार्च २०२२ रोजी स्कॉटलंडच्या तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी त्या सर्वांची जाहीर माफी मागितली. माफी चेटूक करणाऱ्यांची नव्हती. चेटूक केल्याचा खोटा ठपका आलेल्यांची होती.

हा फरक आपल्या भाषेत तर फारच मोलाचा आहे. ‘विच’ला आपण ‘चेटकीण’ म्हणतो, आणि रत्नाकर मतकरींच्या चिंची चेटकिणीमुळे तो शब्द मराठी मुलांना हवाहवासा झाला आहे. पण त्याच्या शेजारीच ‘डाकीण’ हा शब्द आहे. सातपुड्याच्या परिसरात तो एखाद्या बाईला चिकटला की तिचे जगणे कठीण होते. नंदुरबार जिल्ह्यात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना या प्रथेविरुद्ध काम करावे लागले ते यामुळेच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला; डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एखाद्या व्यक्तीवर करणी वा जादूटोणा केल्याचा ठपका ठेवून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. गुन्हेगार येथे ठपका ठेवणारा आहे. १५७६ च्या समासातली ‘दोषी’ ही नोंद अशी उलटी व्हायला जगाला फार काळ लागला, आणि ती सर्वत्र उलटलेली नाही.

विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. यादी नवी आहे, आणि नवी असण्यात काही पाप नाही. बायकांना वनस्पतींसाठी जाळले नाही. त्यांच्याविषयी इतरांनी रचलेल्या कथेसाठी जाळले. त्या कथेचे काही तुकडे आज सणाच्या सजावटीत आले आहेत, इतकेच.

तिने कागद घडी करून पुस्तकात ठेवला. मग विचारले, “आणि तो काढा? त्यानं त्या सुनेला बरं वाटलं का?”

नोंद त्याबाबत काही ठाम सांगत असती, तर बरे झाले असते. न्यायालयाला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला नव्हता. मला वाटते, साडेचारशे वर्षांत बेसीविषयी विचारला गेलेला तो सर्वांत माणुसकीचा प्रश्न असावा.